पावसाळ्यानंतर पुन्हा वाढणारी फट : गॅस टर्बाइनच्या कंप्रेसरमधील एअर सीलची समस्या आणि तिचे निवारण

ओव्हरहॉल करून गॅस टर्बाइन पुन्हा चालू केली की पहिले काही महिने सर्व आकडे समाधानकारक येतात. कंप्रेसरच्या निर्गमाचा दाब ठरल्याप्रमाणे मिळतो, मागील बेअरिंगच्या सम्पच्या (तेल साठणाऱ्या कप्प्याच्या) व्हेंटमधील, म्हणजे गळून आलेली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतील, दाब कमी राहतो आणि तेलाची टाकी वरचेवर भरावी लागत नाही. मग पावसाळा येतो, आणि गणपती होईपर्यंत व्हेंटमधील दाब वाढलेला असतो, व्हेंटच्या तोंडाशी तेलाचा धूर दिसू लागतो आणि भार तेवढाच ठेवायचा तर इंधन जास्त लागते. पुढच्या वेळी केसिंग उघडले की कंप्रेसरच्या मागील लॅबिरिंथ सीलचा क्लिअरन्स, म्हणजे फिरणाऱ्या रोटरवरील धारदार दाते आणि स्थिर स्टेटरच्या कड्यावरील मऊ लेप यांच्यातील हवा अडवणारी अरुंद फट, दुपटीच्या आसपास गेलेला आढळतो. सील बदलले जाते आणि पुढच्या वर्षी याच घटना याच क्रमाने घडतात. मुंबईच्या बंदराकडील औद्योगिक पट्ट्यात सुमारे ५ मेगावॉट क्षमतेच्या टर्बाइनवर काम करताना मी ही समस्या जवळून पाहिली आहे.

अशा वेळी दोष सीलच्या सामग्रीवर ढकलण्याकडे सर्वांचा कल असतो. लेप मऊ होता, दात्यांचा धातू हलका होता, पुरवठादार बदलावा, दाते वाढवावेत, असे उपाय सुचवले जातात आणि ते खर्चिकही असतात. माझे मत असे आहे की जे सील दर वेळी त्याच जागी आणि तेवढेच झिजते, त्याच्या सामग्रीची चौकशी सर्वांत शेवटी करावी. आधी हे शोधावे की दाते स्टेटरला नेमके कोणत्या क्षणी टेकतात. सील स्थिर भारावर हजारो तास चालते, पण झिजते बहुधा काही मिनिटांतच.

फट किती महाग पडते, हे आधी आकड्यांत पाहू. लॅबिरिंथमधून होणाऱ्या गळतीसाठी एच. एम. मार्टिन यांनी १९०८ साली मांडलेले सूत्र आजही प्राथमिक अंदाजासाठी वापरले जाते. त्यानुसार गळती क्लिअरन्सच्या थेट प्रमाणात वाढते, पण दात्यांची संख्या वाढवल्याने ती साधारण वर्गमुळाच्या हिशेबानेच घटते. सीलचा व्यास ३०० मिलिमीटर, दाते ६, आतील दाब १० बार, बाहेरील १.२ बार, हवेचे तापमान सुमारे ३६५ अंश सेल्सिअस आणि क्लिअरन्स ०.२५ मिलिमीटर धरला, तर गळती सेकंदाला सुमारे ०.२ किलोग्रॅम येते. ज्या यंत्रातून सेकंदाला २० किलोग्रॅम हवा जाते, तिथे ही एक टक्का हवा झाली, आणि ती पूर्ण दाबापर्यंत दाबून झालेली, म्हणजे कंप्रेसरने जिच्यावर सर्वाधिक काम केले आहे अशी हवा असते. क्लिअरन्स ०.६ मिलिमीटर झाला की हाच आकडा २.३ टक्क्यांच्या घरात जातो. सरळ लॅबिरिंथमध्ये, म्हणजे जिथे सर्व दाते एकाच व्यासावर असतात तिथे, स्थिती याहून वाईट असते, कारण फट मोठी झाली की एका दात्याखालून सुटलेला झोत मधल्या पोकळीत विरून न जाता थेट पुढच्या दात्याखाली शिरतो. म्हणून ६ दात्यांचे १२ केले तरी गळती कागदावरसुद्धा निम्मी होत नाही, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी फायदा होतो. क्लिअरन्स निम्मा केला तर मात्र ती निम्मी किंवा त्याहून खाली येते. दाते वाढवण्याच्या सूचनेला मी विरोध करतो तो यासाठी.

स्टेटरच्या पात्यांखाली असणाऱ्या आतील सीलचा परिणाम इतका उघड दिसत नाही. तिथून गळलेली हवा यंत्राबाहेर जात नाही. ती पात्याच्या मागून पुढे येते आणि मुख्य प्रवाहात मुळाशी मिसळून तो बिघडवते. नासाच्या ल्युइस केंद्रातील चार टप्प्यांच्या कमी वेगाच्या कंप्रेसरवरील प्रयोगांत असे आढळले होते की या सीलचा क्लिअरन्स पात्याच्या उंचीच्या एक टक्क्याने वाढला, तर दाबवाढ तीन टक्क्यांपर्यंत आणि कार्यक्षमता एक ते दीड अंकाने घटते. त्यामुळे मागील सील नवे बसवूनही कार्यक्षमता परत आली नाही, तर ही सील मोजल्याशिवाय केसिंग बंद करू नये.

आधी नोंदवही, मग पाना

केसिंग उघडण्यापूर्वी एक काम कागदावर होते आणि ते सहसा कोणी करत नाही. व्हेंटमधील दाब आणि दर शंभर तासांना लागणारे तेल यांचा आलेख चालू तासांवर न काढता सुरुवातींच्या क्रमांकावर काढावा. रेषा हळूहळू आणि सलग चढत असेल, तर धूप, गंज किंवा लेप झडणे यांसारखे कारण शोधावे. ती पायऱ्यापायऱ्यांनी चढत असेल, म्हणजे काही विशिष्ट सुरुवातींनंतर एकदम उडी घेऊन पुन्हा सपाट होत असेल, तर त्या सुरुवातींच्या वेळी दाते घासले गेले आहेत. अशा प्रत्येक सुरुवातीपुढे लिहावे, की यंत्र त्याआधी किती वेळ बंद होते आणि ते का बंद पडले होते.

आमच्या बाबतीत पायऱ्या स्पष्ट निघाल्या आणि जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या काळात होत्या. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. समुद्राकाठच्या हवेतील मीठ इनटेक फिल्टरवर वर्षभर साचत असते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी शोषून विरघळते, कागदी माध्यम फुगते आणि फिल्टरवरील दाबफरक झपाट्याने वाढतो. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस याच्या वरच राहते. दाबफरकाच्या मर्यादेवर यंत्र ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, शिफ्टमधील माणसे भिजलेले प्रीफिल्टर बदलतात आणि तासा-दीड तासात यंत्र पुन्हा सुरू केले जाते. काम तत्परतेने झाले म्हणून सर्वांना समाधान वाटते, पण सीलच्या दृष्टीने यंत्र सुरू करण्याची याहून वाईट वेळ सापडणे कठीण आहे.

गरम अवस्थेत सुरू करताना फटीचे काय होते

हा हिशेब हाताने करता येतो आणि प्रत्येक देखभाल अभियंत्याने आपल्या यंत्रासाठी तो एकदा तरी करावा. सीलची त्रिज्या १५० मिलिमीटर, पोलादाचा प्रसरणांक प्रति अंश १२ दशलक्षांश, आणि जोडणीच्या वेळचा थंड क्लिअरन्स ०.४५ मिलिमीटर धरू. मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर केंद्रोत्सारी बलामुळे रोटरचे मोकळे कडे त्रिज्येत सुमारे ०.१८ मिलिमीटर वाढते. भरीव डिस्कवर ही वाढ कमी असते, पण अंदाजासाठी सावध बाजूचा आकडा घ्यावा. स्थिर भारावर रोटर आणि स्टेटरचे कडे दोन्ही सारखेच तापलेले असल्यामुळे उष्णतेची वाढ दोन्हीकडे समान होते आणि चालू क्लिअरन्स ०.२७ मिलिमीटर उरतो. आरेखनात बहुधा हाच आकडा लिहिलेला असतो आणि तो बरोबरही असतो.

आता यंत्र ट्रिप झाले असे समजा. स्टेटरचे कडे पातळ असते आणि ते लवकर निवते. रोटरच्या डिस्कमध्ये धातू भरपूर असल्यामुळे ती बराच वेळ गरम राहते. तासाभरानंतर कडे जोडणीच्या तापमानापेक्षा १२० अंशांनी आणि रोटर २५० अंशांनी वर आहे असे धरले, तर कड्याची त्रिज्या ०.२२ मिलिमीटरने आणि रोटरची ०.४५ मिलिमीटरने वाढलेली असेल. म्हणजे यंत्र उभे असतानाच क्लिअरन्स ०.२२ मिलिमीटरवर आला. याच स्थितीत ते सुरू केले, की वेग वाढताच केंद्रोत्सारी वाढ जवळजवळ तत्काळ होते, तर कड्याला पुन्हा तापायला काही मिनिटे लागतात. त्या मिनिटांत उरते फक्त ०.०४ मिलिमीटर, आणि तेही रोटर अगदी सरळ असेल तर.

रोटर सरळ नसतो. उभ्या यंत्रात गरम हवा वरच्या भागात साचते, रोटरची वरची बाजू खालच्यापेक्षा गरम राहते, आणि तो धनुष्यासारखा वरच्या दिशेला वाकतो. केसिंगचेही तेच होते. त्याचा वरचा अर्धा भाग जास्त गरम राहिल्याने मधला भाग उचलला जातो आणि सीलची खालची फट कमी होते. रोटरची एक दशांश मिलिमीटर वाक वरील हिशेबातील सर्व फट खाऊन टाकते आणि दाते धातूत शिरतात. शिवाय घासल्याने त्या बाजूची उष्णता आणखी वाढते, तिने वाक वाढते आणि वाढलेली वाक पुन्हा घासते. क्रांतिक वेगाच्या, म्हणजे ज्या वेगाला रोटरचे कंपन अतिशय वाढते त्याच्या, जवळपास ही साखळी फार धोकादायक ठरू शकते. वाकेचा हा प्रश्न जुन्या किंवा लहान यंत्रांपुरता मर्यादित नाही. ए३२० निओ विमानांवरील पीडब्ल्यू११००जी इंजिन २०१६ मध्ये सेवेत आले, तेव्हा रोटरची वाक सरळ होईपर्यंत ते फिरवत ठेवावे लागल्याने सुरू होण्यास जास्त वेळ घेत होते.

खुणा वाचणे

केसिंग उघडल्यावर सील धुण्याची घाई करू नये. आधी छायाचित्रे घ्यावीत, रोटरवर शून्य अंशाची खूण करावी आणि दाते व लेप दोन्ही किमान आठ ठिकाणी मोजावेत. रोटरचे दाते सर्व बाजूंनी सारखे झिजलेले आणि लेप मात्र एकाच चापावर कापलेला असेल, तर स्टेटर केंद्रात नाही किंवा केसिंग लंबगोल झाले आहे, अथवा बेअरिंग झिजून रोटर एका दिशेला सरकला आहे. याउलट लेप पूर्ण वर्तुळात कापलेला आणि दाते एकाच बाजूला खाल्लेले असतील, तर रोटर वाकलेला किंवा असंतुलित अवस्थेत फिरला आहे. दोन्ही सर्व बाजूंनी समान झिजले असतील, तर रोटर आणि स्टेटर यांच्या त्रिज्यांच्या वाढीतील तफावत हेच कारण धरावे. प्रत्यक्षात खुणा मिश्र निघतात. आमच्या ज्येष्ठ फिटरने टॉर्च मारून पाहताच सांगितले, "साहेब, लेप सगळीकडून कापलाय, पण खालच्या अंगाला जास्त खोल गेलाय. आणि दात्यांची उंची एकसारखी राहिलेली नाही." पूर्ण वर्तुळातील कापणी आणि असमान दाते हे रोटरच्या वाकेचे लक्षण, तर खालच्या बाजूची जादा खोली हे केसिंग उचलले गेल्याचे. मोजमापानेही हेच दाखवले.

यापेक्षा अधिक बोलकी खूण असते ती खाचेच्या अक्षीय जागेची, आणि तिच्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. थ्रस्ट बेअरिंग (रोटरला अक्षाच्या दिशेत धरून ठेवणारे) पुढच्या टोकाला असेल आणि सील तिथून एक मीटरवर असेल, तर रोटर आणि केसिंग यांच्या सरासरी तापमानात १०० अंशांचा फरक पडल्यास दाते लेपाच्या तुलनेत १.२ मिलिमीटर सरकतात. बंद केल्यानंतर केसिंग आधी आखडते आणि रोटर लांबच राहतो, त्यामुळे दाते मागे सरकलेले असतात. थंड यंत्र घाईने भारावर नेले तर केसिंग आधी लांबते आणि दाते पुढे राहतात. म्हणून खाच स्थिर भाराच्या अपेक्षित जागेपेक्षा मागे असेल तर गरम अवस्थेतील सुरुवात, पुढे असेल तर थंड सुरुवात, आणि नेमकी जागेवर असेल तर चालू भारावरील घासणे, असा निष्कर्ष काढता येतो. दोन वेगळ्या खाचा आढळल्या तर दोन वेगळे प्रसंग घडले आहेत. ज्या यंत्राचे केसिंग जाड ओतीव असते आणि रोटरपेक्षा सावकाश तापते-निवते, तिथे हा क्रम उलटा लागतो. तेव्हा आपल्या यंत्राची रचना पाहूनच अर्थ लावावा. आमच्याकडील खाच दर ओव्हरहॉलला मागच्या बाजूला मिळाली होती. तिची छायाचित्रे जुन्या अहवालांमध्ये होती, पण अक्षीय मोजमाप कोणी लिहिलेले नव्हते.

निवारण

पहिला उपाय चालवण्याच्या पद्धतीत आहे आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. ट्रिपनंतर टर्निंग गिअर (बंद यंत्राचा रोटर सावकाश फिरवत ठेवणारी यंत्रणा) लगेच लागलाच पाहिजे, आणि तो लागला नाही तर त्याची वेळ नोंदवली गेली पाहिजे. निर्मात्याच्या पुस्तिकेत पुन्हा सुरू करण्यासाठी जी निषिद्ध वेळ दिलेली असते, ती तोंडी सूचनेवर न सोडता नियंत्रण प्रणालीत इंटरलॉक, म्हणजे यंत्र सुरूच होऊ न देणारी अट, म्हणून घालावी. उत्पादनाच्या निकडीमुळे त्या वेळेत यंत्र सुरू करणे अटळच असेल, आणि पुस्तिका परवानगी देत असेल, तर प्रज्वलनापूर्वी स्टार्टरवर कमी वेगाने काही मिनिटे फिरवून रोटरचे तापमान समान होऊ द्यावे आणि क्रांतिक वेग ओलांडतानाचे कंपन थंड सुरुवातीच्या आलेखाशी ताडून पाहावे. त्याचबरोबर ट्रिपचे मूळही काढावे: पावसाळ्यापूर्वी प्रीफिल्टर बदलणे, ओलावा झिरपू न देणारे माध्यम निवडणे आणि दाबफरकाच्या इशाऱ्याची पातळी ट्रिपच्या बरीच आधी ठेवणे, म्हणजे फिल्टर यंत्र चालू असताना किंवा नियोजित बंदमध्ये बदलता येतात.

दुसरा उपाय आरेखनाचा आहे. थंड क्लिअरन्स सरसकट वाढवणे सर्वांत सोपे, पण त्याची किंमत प्रत्येक चालू तासाला मोजावी लागते. त्यापेक्षा स्टेटरच्या कड्याची तापण्या-निवण्याची गती रोटरच्या जवळ आणावी, म्हणजे कड्याला थोडा अधिक धातू द्यावा किंवा त्याच्या थंड बाजूला उष्णतारोधक पत्रा बसवावा. वरील उदाहरणात कडे तासाभरानंतर १२० ऐवजी १९० अंशांनी वर राहिले, तर कमीत कमी क्लिअरन्स ०.०४ ऐवजी सुमारे ०.१६ मिलिमीटर मिळतो, आणि स्थिर भारावरील ०.२७ मिलिमीटर तसाच राहतो. पायऱ्यांचे लॅबिरिंथ (ज्यात दाते वेगवेगळ्या व्यासांवर असतात) वापरायचे असेल, तर वर सांगितलेली अक्षीय सरक पायरीच्या लांबीत मावते का, हे आधी तपासावे. नाहीतर दाते पायरीच्या भिंतीला भिडतात.

घासणे पूर्णपणे टाळता येत नाही हे मान्य करून, झिजायचे कोणी, हे ठरवून द्यावे. लेपात पाव वर्तुळावर ०.२ मिलिमीटर खोल खाच पडली, तर सरासरी क्लिअरन्स केवळ ०.०५ मिलिमीटरने वाढतो, दाते ०.२ मिलिमीटरने झिजले, तर तो संपूर्ण वर्तुळात तेवढाच वाढतो. म्हणून लेप नेहमी दात्यांपेक्षा मऊ हवा आणि दात्यांची टोके पातळ हवीत, जेणेकरून उष्णता कमी निर्माण होईल. ॲल्युमिनियम-सिलिकॉन आणि पॉलिएस्टरचा लेप कंप्रेसरच्या पुढील थंड टप्प्यांसाठी ठीक असतो. मागच्या बाजूला, जिथे हवा ३५० अंशांच्या वर जाते, तिथे निकेल-ग्रॅफाइटसारखा लेप लागतो. मुंबईत याला एक पुरवणी जोडावी लागते. ग्रॅफाइट विद्युतरासायनिकदृष्ट्या बहुतेक धातूंपेक्षा उदात्त असल्यामुळे खारट ओलाव्यात त्याच्या शेजारचा किंवा खालचा धातू गंजतो, लेपाखाली फुगे येतात आणि फुगलेला लेप फट अजूनच कमी करतो. पावसाळ्यात यंत्र दीर्घकाळ बंद ठेवायचे असेल तर कंप्रेसर धुऊन, कोरडा करून, कोरडी गरम हवा सोडत ठेवावी. टायटॅनियमचे दाते टायटॅनियमच्या कड्यासमोर कधीही नसावेत. त्या घर्षणातून धातूलाच आग लागू शकते.

ब्रश सीलबद्दल नेहमी विचारले जाते. तारांचा पुंजका रोटरच्या हालचालीबरोबर लवतो आणि मग परत जागेवर येतो, त्यामुळे त्याची गळती त्याच जागेतील लॅबिरिंथपेक्षा बरीच कमी असते. पण तारा एका दिशेला कललेल्या असल्याने उलट फिरण्याने त्या बिघडतात, आणि ज्या यंत्राची वाक आटोक्यात आलेली नाही त्यात त्या लवकर झिजतात. वाकेचा बंदोबस्त झाल्यावरच तो विचार करावा.

सीलमध्ये कोणताही बदल करताना कंपन आणि थकव्याची तपासणी वगळू नये, मग बदल कितीही लहान वाटो. मुंबईतील अनेक वाचकांना मार्च २०१८ आठवत असेल. वर उल्लेखिलेल्या पीडब्ल्यू११००जी इंजिनांत उच्चदाब कंप्रेसरच्या मागील हबवरील नाइफ एज (धारदार दात्यांच्या) सीलमध्ये टिकाऊपणा वाढवण्याच्या हेतूने बदल करण्यात आला होता. त्या मालिकेतील इंजिने उड्डाणात बंद पडू लागली, आणि १२ मार्च २०१८ रोजी डीजीसीएने (देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकाने) इंडिगोची ८ व गोएअरची ३ अशी ११ विमाने जमिनीवर ठेवायला लावली. पुढे निर्मात्याने सीलच्या आधीच्या आरेखनाकडे परत जाण्याचा मार्ग स्वीकारला.

जोडणीच्या वेळी

क्लिअरन्स वरचे केसिंग उघडे ठेवून मोजला जातो आणि तोच अहवालात लिहिला जातो. पण वरचा भाग बसवून बोल्ट आवळले की खालच्या भागाचा आकार बदलतो आणि सीलचे कडे जागचे हलते. म्हणून केसिंग एकदा पूर्ण बंद करून डायल गेजने कड्याच्या वाहकाची जागा तपासावी, उघड्या आणि बंद स्थितीतील फरक लिहून ठेवावा, आणि कडे बसवताना तो वजा करावा. जर्नल बेअरिंगमध्ये तेलाच्या थरावर शाफ्ट उचलला जातो आणि थोडा बाजूला सरकतो, तेही धरावे. डाव्या-उजव्या बाजूची फट फीलर गेजने आणि वर-खालची शिशाच्या तारेने मोजावी, आणि प्रत्येक आकड्याशेजारी दात्यांची अक्षीय जागा लिहावी, म्हणजे पुढच्या वेळी केसिंग उघडल्यावर मिळालेली खाच कशाशी ताडून पाहायची, हे कोणालाही शोधत बसावे लागणार नाही.